थप्पी आणि चालती मांडणी

निजामी अमदानीत घातलेला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता ज्या तालुक्याच्या गावी एकमेकांच्या शेजारून धावतात, त्या बदनापुराची कीर्ती परगावच्या माणसाच्या कानी पडली असलीच तर ती तुरीमुळे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कडधान्यांवर काम करणारे संशोधन केंद्र येथे आहे, आणि तेथून बाहेर पडलेल्या वाणांना गावाच्या नावाची आद्याक्षरे लाभल्यामुळे बीडीएन ७११ ही पांढरी किंवा बीडीएन ७१६ ही लाल तूर पेरणारा दूरदेशीचा शेतकरीही, नकळत का होईना, बदनापुराचे नाव घेत असतो. अशा मुलखात धान्य राखण्याची विद्या नवी असण्याचे कारण नाही. पेवे बुजली आणि कणग्या अडगळीत गेल्या, तरी त्या विद्येचे आजचे रूप, म्हणजे गोदामातील पोत्यांची थप्पी, कोणत्याही बाजार समितीच्या आवारात पाहावयास मिळते.

थप्पी ही दिसते त्याहून पुष्कळच विचारपूर्वक केलेली रचना आहे. जमिनीची ओल पोत्यांना लागू नये म्हणून खाली लाकडी चौकटी अंथरायच्या, भिंतीपासून माणूस अंग चोरून जाऊ शकेल इतकी वाट सोडायची, एका थरातील पोती आडवी तर वरच्या थरातील उभी अशा रीतीने थरांची एकमेकांत बांधणी करायची, आणि दर्शनी पोत्यांवर पत्रक लावून त्यात आवक, जावक व शिल्लक यांची नोंद ठेवायची, या शिरस्त्याने १९५७ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आणि त्याच्याही आधीचे खासगी कोठीवाले आपला कारभार चालवीत आले. येथे रॅकची गरज नाही. पोते हाच माल, पोते हाच खांब आणि पोते हीच भिंत. थप्पीतील सर्व माल एका जातीचा व एका प्रतीचा असल्यामुळे अमुकच पोते काढावे असा हट्ट कोणी धरीत नाही. वरचे काढावे, म्हणजे काम झाले. पन्हाळगडावरील अंबारखान्याची गंगा, यमुना व सरस्वती ही अवाढव्य कोठारे ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्या ध्यानात येईल, की शतकानुशतके कोठाराचे शास्त्र हे एवढ्याच त्रयीवर उभे होते: एकजिनसी माल, त्याची ठरलेली जागा, आणि ती जागा ज्याला मुखोद्गत आहे असा कोठावळा.

ज्या यंत्राचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे, त्याने ही त्रयी मुळापासून उलटी केली. हे यंत्र म्हणजे गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा, चपटा, चाकांवर चालणारा रोबो. चार पायांवर उभ्या असलेल्या मांडणीखाली तो शिरतो, तिला जमिनीपासून बोटभर-चारबोटे उचलतो, आणि ती अख्खी मांडणी, तिच्यातील शेकडो जिनसांसह, एका जागी उभ्या असलेल्या कामगारापुढे आणून ठेवतो. कामगार पडद्यावर दाखविलेल्या खणातून वस्तू काढतो, रोबो मांडणी घेऊन परत जातो, आणि दुसरा रोबो दुसरी मांडणी घेऊन रांगेत येऊन उभा राहिलेला असतो. गोदामशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असा ठोकताळा सांगितलेला असतो, की मागणीनुसार वस्तू गोळा करणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ निव्वळ चालण्यात जातो. तो निम्मा वेळ वाचविण्याचा हा सारा खटाटोप.

माणसावाचून चालणारी गाडी ही कल्पना स्वतः तशी जुनी आहे. अमेरिकेत बॅरेट या कारखानदारी संस्थेने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तारेतून वाहणाऱ्या विद्युत्संकेताचा माग काढीत जाणारी मालवाहू गाडी बाजारात आणली होती. परंतु ती गाडी तारेची बांधील होती. तार जेथे, तेथेच तिची वाट. मांडणीच उचलून आणण्याची युक्ती सुचली ती मिक माउंट्झ या गृहस्थांना, आणि त्या युक्तीमागे एका दिवाळखोरीचा अनुभव होता. घरपोच वाणसामान पुरविणाऱ्या वेबव्हॅन नावाच्या ज्या कंपनीत ते नोकरीस होते, ती २००१ साली बुडाली. मागणीगणिक वस्तू गोळा करण्याचा खर्च किती भारी पडतो हे त्यांनी तेथे जवळून पाहिले होते. पुढे २००३ साली त्यांनी किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. पीटर वर्मन आणि राफाएलो डि'आंद्रेआ हे संशोधक तिच्या उभारणीत त्यांचे सहकारी होते. अॅमेझॉनने २०१२ साली ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलर मोजून विकत घेतली आणि २०२५ च्या मध्यास आपल्या ताफ्यातील रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले. किवाच्या यंत्रातील एक बारकावा तर मला त्या कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा अधिक मोहक वाटतो: मांडणी उचलताना हा रोबो स्वतःभोवती गिरकी घेतो आणि त्या गिरकीनेच त्याच्या पाठीवरील जाड मळसूत्र वर चढते, मात्र वरची मांडणी जागच्या जागी स्थिर राहते. वळणे आणि उचलणे ही दोन कामे एकाच फिरण्यातून साधणारा कारागीर, मग तो कोणत्याही देशीचा असो, दाद देण्याजोगा खराच.

आता या उलथापालथीचे मर्म पाहू. मांडणी चालत येऊ लागली म्हणजे तिची कायमची जागा ठरवून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. रोबो तिला परत नेतो तेव्हा जुन्याच ठिकाणी नेतो असे नाही. जवळ जी जागा मोकळी असेल तेथे सोडतो, आणि ज्या मांडण्यांना वारंवार बोलावणे येते त्या हळूहळू आपोआप पुढल्या रांगांत येतात, तर ज्यांना कोणी पुसत नाही त्या मागे लोटल्या जातात. याहून विचित्र म्हणजे एकाच जातीच्या वस्तू एकत्र ठेवण्याचा सनातन नियमही मोडीत निघतो. एकच वस्तू मुद्दाम दहा-वीस मांडण्यांत विखरून ठेवतात, कारण तसे केल्याने तिच्यापैकी एखादी नेहमीच जवळपास सापडते आणि एकाच मांडणीसाठी रांग लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास हा शुद्ध गोंधळ वाटेल: खेळण्याशेजारी औषध, औषधाशेजारी पुस्तक. पण गोंधळ मालात असतो, दप्तरात नसतो. पूर्वी माल शिस्तीत असे आणि खतावणी चार दिवस मागे राहिली तरी कोठावळ्याच्या स्मरणावर निभावून जाई. येथे माल बेशिस्त आहे आणि म्हणूनच खतावणीला क्षणभरही मागे राहण्याची मुभा नाही. एखाद्या घाईत असलेल्या माणसाने खोका शेजारच्या खणात ठेवला आणि त्याची नोंद केली नाही, तर ती वस्तू गोदामात असूनही नाहीशी झाली असेच समजावे. तिला शोधून काढणारे स्मरण कोणाच्याही डोक्यात नसते. रोबो आणण्याचा विचार करणाऱ्या धन्याने यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या गोदामातील मोजदाद आणि वही यांची रुजवात किती वेळा जुळते हे पाहावे, असे माझे मत आहे. बहुतेकांना हा प्रश्न किमतीपेक्षा अधिक अडचणीचा वाटेल.

रोबोला वाट कशी दिसते, हा यापुढचा विषय. आणि येथे दोन संप्रदाय आहेत. किवाच्या पंथातील रोबो जमिनीवर ठरावीक अंतराने चिकटविलेल्या चौकोनी सांकेतिक ठशांवरून जातो आणि पोटाखालील कॅमेऱ्याने ते वाचीत आपला ठावठिकाणा जाणतो. ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. मात्र ठसे झिजतात, मळतात, आणि ते क्षेत्र माणसांना वर्ज्य ठेवावे लागते. दुसऱ्या पंथाला, ज्याच्यासाठी स्वयंचलित फिरता रोबो हे नाव काटेकोर अर्थाने राखून ठेवले जाते, जमिनीवर काहीच खूण लागत नाही. त्याच्या अंगावरील लेसर किरण भोवताली फिरतात, भिंतीवर वा खांबावर आपटून परत येतात, आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. १० मीटरवरच्या भिंतीला भेटून येण्यास प्रकाशाला सुमारे ६७ अब्जांश सेकंद लागतात, आणि एवढा सूक्ष्म काळ हे उपकरण सेकंदाला हजारो वेळा मोजते. अशा असंख्य अंतरांवरून रोबो गोदामाचा नकाशा रेखाटतो आणि त्याच नकाशात स्वतःला शोधतो. नकाशा चुकला तर जागा चुकते, जागा चुकली तर नकाशा बिघडतो. या परस्परावलंबी कोड्याची गणिती मांडणी १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि ती यंत्रांच्या अंगवळणी पडेपर्यंत पुढची दोन दशके गेली.

परंतु ज्या रॅकसाठी हे यंत्र येते, तेच रॅक त्याची सर्वांत मोठी दिशाभूल करतात. पोलादी रॅकचे उभे खांब आणि आडव्या तुळया कारखान्यात एकाच मापाने बनतात. रॅकची दहावी गल्ली ही अकराव्या गल्लीची हुबेहूब प्रतिकृती असते. रोबोचा लेसर बहुधा घोट्याच्या किंवा पोटरीच्या उंचीवरून पाहतो, आणि त्या उंचीवर त्याला दिसतात ते सारख्या अंतरावर उभे असलेले सारखे पाय, दुसरे काही नाही. आपण नेमके कोणत्या गल्लीत आहोत याविषयी त्याला संभ्रम पडतो, आणि चाकांच्या फेऱ्या मोजून केलेला अंदाज हा गुळगुळीत फरशीवर चाक किंचित घसरले तरी ढळतो. शिवाय भिंत सदोदित तेथेच असते, पण रॅकच्या खालच्या खणातील माल सकाळी असतो व दुपारी नसतो, त्यामुळे नकाशातील जग आणि समोरचे जग यांत सतत फारकत पडत राहते. म्हणून अनुभवी लोक काही निवडक खांबांवर परावर्तक पट्ट्या लावतात, आणि त्याही मुद्दाम असमान अंतरावर. गल्लीच्या तोंडाशी जमिनीवर एखादा ठसा ठेवतात. म्हणजे दोन्ही पंथांत समेट घडवून आणतात. आणखी एक धोका असा, की एका पातळीत पाहणाऱ्या लेसरला त्या पातळीच्या वर बाहेर डोकावणारी फळी किंवा उचललेले फोर्कलिफ्टचे काटे दिसतच नाहीत. त्यासाठी वेगळे, खोली जाणणारे कॅमेरे बसवावे लागतात. चालकाविना धावणाऱ्या औद्योगिक गाड्यांच्या सुरक्षिततेविषयी आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली प्रसिद्ध झाले, त्याचा मोठा भाग अशाच न दिसणाऱ्या माणसांची आणि न थांबणाऱ्या गाड्यांची काळजी वाहतो.

जमिनीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बदनापुरात या यंत्राची पहिली परीक्षा तीच घेईल. मराठवाड्याच्या पुष्कळशा भागाप्रमाणे येथेही काळ्या कसदार मातीचे साम्राज्य आहे. कपाशीला आणि तुरीला ती मानवते, परंतु बांधकामास ती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि तिच्यावर निष्काळजीपणे घातलेली फरशी चार-दोन वर्षांत पोटाशी फुगून कडांना तडकते. पोत्यांच्या थप्पीला याचे सोयरसुतक नसते. परंतु दोन मीटर उंचीची, वरच्या खणांत माल भरलेली मांडणी पाठीवर घेऊन जाणाऱ्या रोबोला एखाद्या बोटाचा उंचवटा म्हणजे डोलण्यास निमित्त, आणि स्थिर उभ्या केलेल्या उंच रॅकचा पाया जरासा खचला तर ओळंब्यातून गेलेला खांब आपल्या क्षमतेइतका भार पेलेनासा होतो. तेव्हा काळी माती खोल खणून काढून मुरूम भरणे, तो थराथराने दाबणे, वर काँक्रीटची सपाट फरशी घालून तिचे सांधे रोबोच्या मार्गाशी जुळतील असे आखणे, हा खर्च यंत्राच्या दरपत्रकात दिसत नाही, पण यंत्राचे यशापयश त्यावरच ठरते.

शंभर रोबो एका वेळी फिरू लागले म्हणजे त्यांच्या वाहतुकीचा बंदोबस्त हाही एक स्वतंत्र व्याप होतो. एका रोबोसाठी सर्वांत जवळची वाट काढण्याची उत्तम रीत १९६८ सालीच सापडली होती. हार्ट, निल्सन आणि राफाएल या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ती शेकी नावाच्या, अडखळत चालणाऱ्या रोबोसाठी शोधली. परंतु अनेकांच्या वाटा एकमेकांस न अडविता एकदम ठरविणे हे गणित इतके अवघड आहे, की रोबोंची संख्या वाढत गेली म्हणजे सर्वोत्तम उत्तराचा नाद सोडून चालण्याजोग्या उत्तरावर समाधान मानावे लागते. व्यवहारात योजलेला उपाय आपल्या एकेरी लोहमार्गावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: पुढचे स्टेशन मोकळे असल्याची खूण म्हणून लोखंडी गोळा हाती पडल्यावाचून गाडीवान गाडी हाकीत नसे, आणि एका टापूचा गोळा एकाच गाडीजवळ असल्यामुळे समोरासमोर टक्कर संभवत नसे. रोबोंचा मध्यवर्ती संगणक जमिनीच्या चौकटी अशाच राखून देतो आणि सोडवून घेतो. तरीही अरुंद गल्लीत दोघे समोरासमोर येऊन दोघेही वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग ओढवतोच. म्हणून गल्ल्या एकमार्गी ठेवतात.

इतके सारे ऐकल्यावर बदनापूरच्या तुरीच्या गोदामात हे यंत्र कोठे बसते, असे कोणी विचारील तर त्याचे प्रामाणिक उत्तर, कोठेच नाही, असे आहे. तुरीचे एक पोते दुसऱ्यासारखेच. त्याला मांडणी नको, खण नको, आणि कोणते पोते कोठे आहे याची पृथक् नोंदही नको. उलट धान्याचे गोदाम या यंत्राला मानवतही नाही. कीड मारण्यासाठी थप्पीवर ताडपत्री टाकून अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. तिच्यातून निघणारा फॉस्फीन वायू तांब्याला खातो, आणि रोबोच्या अंगात तांब्याच्या तारांखेरीज दुसरे आहे तरी काय? धान्याची धूळ लेसरच्या काचेवर बसते ती वेगळीच. अशा ठिकाणी चांगली थप्पी, पाठीवर बेताचे ओझे आणि माथाडी कायद्याने १९६९ साली हमालांना मिळवून दिलेले हक्क यांचाच विचार आधी झाला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे क्विंटलभराची पोती आपल्याकडे माणसांच्या पाठीवरून चढत होती, याची आठवण रोबोच्या कौतुकात बुडून जाऊ नये.

परंतु त्याच तालुक्यात, त्याच तुरीचे बियाणे झाले की सारा न्याय पालटतो. जालना ही बियाण्यांची राजधानी मानली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही कंपनी स्थापिली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि कंपनीचे संशोधन केंद्र बदनापूर तालुक्यातील दावलवाडीस आहे. बियाणे एकजिनसी नसते. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रत्येक पिशवीवर तिचा लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत नोंदविलेली असते. तुरीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के आणि ओलावा कमाल ९ टक्के असावा लागतो. चाचणीपासून नऊ महिन्यांत त्याची मुदत संपते आणि पुन्हा तपासणी झाल्यावाचून ते विकता येत नाही. आधी आलेले आधी बाहेर काढावे हा सोपा नियमही येथे पुरत नाही, कारण नंतर आलेल्या लॉटची मुदत आधी संपू शकते. हंगामानंतर दुकानदारांकडून न खपलेल्या पिशव्या परत येतात, त्या आपापल्या लॉटप्रमाणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. कपाशीच्या संकरित बियाण्याच्या पिशव्या तर अर्ध्या किलोहूनही हलक्या असतात आणि वाण शेकडो. बियाणे थंड व कोरड्या जागी राखावे लागते; ओलावा एका टक्क्याने घटला किंवा तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते असा हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे, आणि म्हणून शीतगृहात माणसाने वारंवार दार उघडून तासन्‌तास हिंडण्यापेक्षा मांडणीच दारापाशी यावी हे बियाण्याच्याही हिताचे. लहान वस्तू, असंख्य प्रकार, प्रत्येकीची पृथक् ओळख, आणि कायद्यानेच सक्तीची केलेली खतावणी: चालत्या मांडणीला जे जे हवे, ते बियाण्याच्या कोठारात आधीपासूनच सिद्ध आहे.

भारतात ही यंत्रे बनविणारे दुर्मीळ राहिलेले नाहीत. ग्रेऑरेंज ही संस्था समय कोहली आणि आकाश गुप्ता यांनी २०११ साली सुरू केली आणि मांडणी उचलणारा तिचा बटलर हा रोबो नावारूपास आला. नोएडाच्या अॅडव्हर्बमध्ये २०२२ साली रिलायन्सने ५४ टक्के हिस्सा घेतला. आणि पुण्यातील अनबॉक्स रोबोटिक्स ही संस्था पार्सले वेचून वाटणाऱ्या लहान रोबोंच्या ताफ्यांसाठी ओळखली जाते. अडचण यंत्रांच्या उपलब्धतेची नाही, हंगामाची आहे. बियाण्याची धांदल उन्हाळ्याच्या अखेरीपासून पेरणीपर्यंत, फार तर दोन-अडीच महिने. उरलेला काळ हा ताफा चार्जिंगवर उभा राहून केवळ व्याज खाईल. पण येथे एक योग जुळून येण्यासारखा आहे. भिवंडीच्या गोदामांची लगबग दसरा-दिवाळीच्या सुमारास शिगेला पोचते, आणि जून २०२५ मध्ये पुरा खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे एका टोकास भिडतो आणि वाटेत जालना जिल्ह्यातून जातो. ज्या जवसगाव-दरेगाव परिसरात ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ च्या अखेरीस झाली, तेथेही या मार्गाची वाट धरून माल येणे अपेक्षित आहे. जमिनीत खिळलेल्या मालवाहक पट्ट्यासारखे हे यंत्र बांधून ठेवलेले नसते. ट्रकमध्ये घालून ते मे महिन्यात जालन्याकडे आणि सप्टेंबरात भिवंडीकडे नेता येईल, आणि भाड्याने रोबो देण्याचा व्यवहार अन्यत्र रूढ होऊ लागलेलाच आहे. त्यासाठी दोन्ही ठिकाणच्या धन्यांनी मांडणीच्या दोन पायांमधील अंतर, तिच्या तळाची जमिनीपासूनची उंची आणि फरशीवरील ठशांची माप-पद्धत ही एकच ठेवली पाहिजे, आणि रॅक विकत घेतानाच, म्हणजे रोबो येण्याच्या पुष्कळ आधी, ती करारात लिहून घेतली पाहिजे.